कोपऱ्याचं माप

टोलीडो, ओहायो. फेब्रुवारीतला मंगळवार, रात्रीचे सव्वानऊ.
बॉयलर आठलाच बंद केलाय,
म्हणून फीसवलत समितीचे आम्ही चौघं
स्टाफरूममध्ये कोट घालूनच बसलोय.
मधे थर्मास, आणि एकोणचाळीस अर्ज.
गेल्या वर्षी सतरा होते.

नावं एटा झाकते, ऑफिसात, पांढऱ्या चिकटपट्टीने.
आमच्यापर्यंत येतो नुसता क्रमांक.
झाकली मूठ. मी शाळेची हिशेबनीस,
उघडल्यावर तिचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

क्रमांक सहा: जीपच्या कारखान्यातली रात्रपाळी गेली.
क्रमांक चौदा: दोन मुली, एक घर,
घराहून घराचं कर्ज मोठं.
क्रमांक वीस, 'इतर मालमत्ता' या रकान्यात:
सासूबाईंचे शब्बाथचे चांदीचे दिवे,
अजून विकलेले नाहीत.
हर्शेल ब्लाऊ चष्मा काढून पुसतो.
पुसतच राहतो.

आणि क्रमांक एकतीस.
दोन नातू, तिसरीत आणि पाचवीत. कारण लिहिलेलं नाही.
भरता येतील: महिना सत्तर डॉलर.
त्या सातच्या पोटातून आडवी रेघ,
उजवीकडे किंचित चढलेली.

पंधरा वर्षं या सातांचे चेक मी बँकेत भरलेत.
वाचनालय त्यांचं. दारावरची पितळी पाटी
त्यांच्या बायकोच्या नावाची. गाड्यांच्या काचांचा धंदा;
गाड्याच खपेनात, तर काचा कुणाला हव्यात?

"हा काहीतरी लपवतोय," हर्शेल म्हणतो,
"एक ओळ तरी लिहायची कारणाची."
शोशानाबाई माझ्याकडे बघतात.
मी थर्मासचं झाकण फिरवते,
बसलेलं झाकण पुन्हा एकदा बसवते.
"आकडे बरोबर आहेत," म्हणते. "देऊ या."

मग उरलेली रात्र नेहमीसारखी ओढाताणीची.
चौथी आणि पाचवी एका वर्गात.
बस पलीकडच्या सिनगॉगच्या शाळेबरोबर अर्धी अर्धी,
म्हणजे त्यांच्या मुलांशी भांडणंही अर्धी अर्धी.
हिब्रूच्या फ्राइडाबाईंनी मार्चचा निम्मा पगार सोडलाय;
तसं पत्र दिलंय, आणि खाली ताजा कलम:
याची वाच्यता झाली तर उरलेला निम्माही सोडीन.
इतकं करूनही तोंडमिळवणी होत नाही.
एक्केचाळीस हजारांचा खड्डा
टेबलाच्या मधोमध, थर्मासच्या शेजारी.

सकाळी त्याच फ्राइडाबाई
तिसरीला कापणीचा जुना नियम शिकवत होत्या:
शेताचा कोपरा कापायचा नाही,
ज्याला नाही त्याच्यासाठी उभा ठेवायचा.
मी खडूंचा हिशेब घ्यायला गेले होते.
आव्हिटालने हात वर केला: "कोपरा केवढा?"
"माप सांगितलेलं नाही."
"पण मग थोडासाच ठेवला तर?"
"सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून तर शिकवतेय."

मला राग आला, खरं सांगते.
माप नसलेली गोष्ट कुठल्या रकान्यात लिहू?

एक तारखेला ते आले, स्वतः, टोपीवर बर्फ घेऊन.
पाकिटात सत्तर, सगळ्या पाच-पाचच्या नोटा.
मला काही विचारलं नाही. मीही नाही.
भिंतीतल्या पाइपांची ठकठक कान देऊन ऐकली, म्हणाले,
"बॉयलरचा पंप चाललाय तुमचा. माझ्याकडे होता तो फिटर
सध्या मोकळा आहे. मी सांगितलं तर पैसे घेणार नाही."
मग जरा थांबून,
"मोकळा म्हणजे, मीच काढला त्याला."

पावती लिहिली. ते गेल्यावर पाहिलं तर
कार्बन कॉपीवरच्या माझ्या सातला आडवी रेघ.
खोडून दुरुस्त करणार होते;
नियम तसाच आहे, सगळीकडे सात एकसारखा हवा.

फिटर गुरुवारी येतोय.
त्याचीही एक मुलगी आहे म्हणे, पाच वर्षांची.
एटाकडून कोरा अर्ज मागून घेतलाय.
क्रमांक चाळीस.